घाटकोपरची वेगवान मोटार आणि उसाचे इंधन

घाटकोपरच्या लालबहादूर शास्त्री मार्गावरील कोणत्याही पेट्रोल पंपावर आज गाडी उभी केली, तर टाकीत पडणाऱ्या प्रत्येक पाच लिटरमागे सुमारे एक लिटर इंधन विहिरीतून नव्हे, तर शेतातून आलेले असते. ऊस, मका किंवा तांदूळ यांपासून बनवलेले इथेनॉल पेट्रोलमध्ये वीस टक्के मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. मूळ मुदत २०३० ची होती. ती पाच वर्षांनी अलीकडे ओढली गेली आणि अनेक वाहनमालकांना आपल्या गाडीचे इंधन बदलल्याचे ते बदलून गेल्यानंतर कळले. साध्या गाडीच्या मालकाने 'अॅव्हरेज कमी झाले' म्हणून कुरकुर केली. ज्यांच्या दारात टर्बो इंजिनाची वेगवान मोटार उभी आहे, त्यांच्यापैकी काहींच्या मनात मात्र उलटाच प्रश्न उभा राहिला. वीस टक्के इथेनॉल असे ना तसे घ्यायचेच आहे, तर मग गाडी पुरतीच इथेनॉलवर का नेऊ नये? परदेशातील शर्यतीच्या गाड्या तर याच इंधनावर अधिक ताकद देतात!

हा प्रश्न वरकरणी हौसेचा वाटला तरी त्याचे उत्तर रसायनशास्त्र, यंत्रशास्त्र, कायदा आणि ऊसशेती अशा चार ठिकाणी विखुरलेले आहे. चुकीचे उत्तर निवडणाऱ्याला इंजिन, विमा आणि गाडीची नोंदणी या तिन्हींवर पाणी सोडावे लागू शकते.

ताकद येते कुठून?

इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा कमी ऊर्जा असते, हे आता सर्वांना ठाऊक झाले आहे. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा, तर एका लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. म्हणजे तिसरा हिस्सा कमी. मग कमी ऊर्जेचे इंधन अधिक ताकद कशी देते, असा स्वाभाविक प्रश्न पडतो.

याचे उत्तर असे की, इंजिनाची ताकद इंधनाच्या लिटरवर ठरत नाही. सिलिंडरमध्ये किती हवा कोंबता येते यावर ती ठरते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू आधीपासूनच असल्याने त्याला एका किलोमागे नऊ किलो हवा पुरते. तेव्हा तेवढ्याच हवेत इथेनॉल अधिक जाळता येते आणि हिशेब केला तर एक किलो हवेमागे मिळणारी ऊर्जा दोन्ही इंधनांत जवळपास सारखीच, तीन मेगाज्यूलच्या आसपास निघते. इथपर्यंत दोघे बरोबरीत सुटतात.

खरा फरक पुढे पडतो. द्रव इंधनाची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते. माठातले पाणी गार होते, तेच हे तत्त्व. इथेनॉल हे काम पेट्रोलपेक्षा दुपटीहून अधिक जोमाने करते आणि शिवाय तेवढ्याच हवेसाठी ते जास्त प्रमाणात फवारले जाते. दोन्ही गोष्टींचा गुणाकार केला तर एक किलो हवेमागे इथेनॉलचा गारवा पेट्रोलच्या सुमारे चौपट भरतो. हवा गार म्हणजे दाट, आणि गार मिश्रण ठिणगी पडण्याआधीच आपोआप भडकण्याची शक्यताही कमी.

हे आपोआप भडकणे म्हणजेच 'नॉकिंग'. टर्बो इंजिनाचा तो सर्वांत मोठा शत्रू होय. टर्बोचा दाब वाढवला, ठिणगी थोडी लवकर टाकली की ताकद वाढते; पण एका मर्यादेनंतर मिश्रण स्वतःच पेट घेते, धातूवर हातोडा मारल्यासारखा आवाज येतो आणि पिस्टनची वाट लागते. इंधनाचा ऑक्टेन अंक जितका अधिक, तितकी ही मर्यादा लांब. केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या खुलाशात इथेनॉलचा ऑक्टेन अंक सुमारे १०८.५ आणि मिश्रणाआधीच्या पेट्रोलचा ८४.४ असा सांगितला होता. या दोन आकड्यांतील अंतर हेच शर्यतवाल्यांचे भांडवल.

जगातील उदाहरणे याची साक्ष देतात. स्वीडनच्या साब कंपनीने २००५ मध्ये '९-५ बायोपॉवर' ही मोटार आणली. दोन लिटरचे तेच इंजिन पेट्रोलवर १५० आणि ८५ टक्के इथेनॉल असलेल्या ई८५ इंधनावर १८० अश्वशक्ती देत असे. त्याच देशातील कोनिगसेगची सीसीएक्स ही अतिवेगवान गाडी पेट्रोलवर ८०६ अश्वशक्तीची होती. २००७ मध्ये तिचीच इथेनॉलसाठी बेतलेली आवृत्ती आली, ती १,०१८ अश्वशक्तीची. अमेरिकेत २०२३ मध्ये आलेली डॉजची 'डीमन १७०' तर ई८५ वर १,०२५ अश्वशक्ती गाठते, आणि साध्या ई१० इंधनावर ९००. अमेरिकेच्या इंडीकार शर्यतींत १९६४ च्या इंडियानापोलिस येथील पेट्रोलच्या भीषण आगीनंतर मद्यार्कवर्गीय इंधनाचा, म्हणजे मिथेनॉलचा, शिरकाव झाला आणि २००७ पासून तिथे इथेनॉल आले.

मात्र या सर्व गाड्यांत एक समान गोष्ट आहे. इथेनॉलसाठी त्या कारखान्यातच तयार झाल्या. टाकीपासून पिस्टनपर्यंत प्रत्येक भाग त्याच हिशेबाने निवडलेला होता. घाटकोपरच्या गॅरेजमध्ये येणारी गाडी तशी नसते.

महाराष्ट्राचा अनुभव

इथेनॉलच्या बाबतीत महाराष्ट्राने देशात बरेच काही सर्वांआधी पाहिले आहे. पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाले, तेव्हा निवडलेल्या तीन ठिकाणांपैकी मिरज आणि मनमाड ही दोन महाराष्ट्रातील होती. तिसरे उत्तर प्रदेशातील बरेली परिसरात. इथेनॉल पाण्याला आपल्याकडे ओढून घेते, म्हणून ते लांब नळवाहिनीतून पेट्रोलबरोबर पाठवण्याऐवजी पंपांना पुरवठा करणाऱ्या डेपोतच मिसळले जाते. माहूलच्या शुद्धीकरण कारखान्यांचा शेजार लाभलेल्या घाटकोपरलाही याच रीतीने मिश्रण मिळते. पेट्रोल शेजारच्या चिमणीखालचे असले, तरी त्यातील इथेनॉल टँकरने लांबून येते. २००३ मध्ये पाच टक्के मिश्रण नऊ राज्यांत आणि चार केंद्रशासित प्रदेशांत लागू झाले. पुढची अनेक वर्षे ही योजना रडतखडत चालली, तो इतिहास इथे नको.

निव्वळ इथेनॉलवरील वाहनांचा अनुभव अधिक बोलका आहे. नागपुरात ऑगस्ट २०१४ मध्ये स्कानिया कंपनीची इथेनॉलवरील हिरवी बस रस्त्यावर आली. तिचे इंजिन ठिणगीवर चालणारे नव्हते. डिझेल इंजिनासारखे दाबाने पेट घेणारे आणि २८ पट दाब देणारे ते यंत्र होते. त्यासाठी ९५ टक्के इथेनॉलमध्ये पेट घेण्यास मदत करणारे द्रव्य मिसळावे लागे. २०१६ च्या अखेरीस आणखी बसगाड्या आल्या. यंत्र चालले, व्यवहार चालला नाही. थकबाकीच्या वादानंतर २०१८ मध्ये ही सेवा बंद पडली.

त्यानंतर जुलै २०१९ मध्ये टीव्हीएस कंपनीने 'अपाचे आरटीआर २००' या वेगवान मोटारसायकलची ई१०० आवृत्ती दिल्लीत सादर केली. पहिल्या टप्प्यात ती महाराष्ट्र, उत्तर प्रदेश आणि कर्नाटक या ऊसकरी राज्यांत विकली जाणार होती. किंमत एक लाख वीस हजार रुपये. दुचाकी तयार, ग्राहकाची इच्छा तयार. पण ते इंधन देणारा पंप कुठे होता? ५ जून २०२१ रोजी पुण्यात ई१०० वितरणाचा प्रायोगिक प्रकल्प पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाला. मार्च २०२४ मध्ये इंडियन ऑइलने 'इथेनॉल १००' हे इंधन महाराष्ट्रासह पाच राज्यांतील १८३ पंपांवर उपलब्ध केल्याचे जाहीर झाले. नाव 'शंभर' असले तरी त्यात इथेनॉल सुमारे ९३ टक्के, पेट्रोल पाच टक्के आणि उरलेले दोघांना एकत्र बांधणारे द्रव्य असते. ही थोडी पेट्रोलची भर गाडी सुरू होण्यास मदत करते.

ऑगस्ट २०२३ मध्ये टोयोटाने इनोव्हा हायक्रॉसची ई८५ पर्यंत चालणारी संकरित गाडी नमुना म्हणून दाखवली. होंडाची सीबी३००एफ ही ई८५ चालणारी मोटारसायकल ऑक्टोबर २०२४ मध्ये बाजारात आली. म्हणजे कारखान्यातून तशी तयार होऊन येणारी वाहने हळूहळू येत आहेत. रस्त्यावर आधीच असलेल्या गाडीचे काय, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

गाडीत काय काय बदलावे लागेल?

उदाहरणासाठी पुण्याजवळ चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय घेऊ. २०१३ मध्ये आलेली ही गाडी मुंबईच्या हौशी चालकांत विशेष लोकप्रिय झाली. इंजिन १.२ लिटरचे, टर्बो जोडलेले, इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणारे, ताकद १०५ अश्वशक्ती. अशा गाड्यांचा संगणक नव्याने 'मॅप' करून ताकद वाढवून देणारे व्यावसायिक मुंबई-पुण्यात आहेतच.

पहिला अडसर इंधनाच्या मापाचा. हवेचे तेच प्रमाण राखायचे तर इथेनॉल नसलेल्या पेट्रोलच्या तुलनेत ई२० सुमारे आठ टक्के, ई८५ सुमारे ४३ टक्के आणि निव्वळ इथेनॉल तब्बल ५४ टक्के अधिक फवारावे लागते. समजा, पेट्रोलवर पूर्ण वेगात इंजेक्टर उपलब्ध वेळेच्या ८० टक्के उघडा राहतो. ई८५ साठी तो ११४ टक्के वेळ उघडा राहायला हवा. हे अशक्य! इंजेक्टर कितीही वेळ उघडा ठेवला तरी इंधन कमी पडणार, मिश्रणात हवा जास्त होणार, आणि नेमक्या सर्वाधिक ताण असलेल्या क्षणी सिलिंडर तापणार. ताकदीसाठी केलेला बदल इंजिनाच्या मुळावर येतो तो असा.

त्यामुळे मोठे इंजेक्टर हवेत. टाकीतील पंप अधिक क्षमतेचा हवा. आणि थेट फवारणीच्या इंजिनात आणखी एक पंप असतो, कॅमशाफ्टच्या उंचवट्यावर चालणारा, प्रचंड दाबाचा. तो सहज बदलता येत नाही. परदेशातील तंत्रज्ञ अशा वेळी हवेच्या मार्गात जादा इंजेक्टर बसवतात आणि दुसऱ्या संगणकाने ते चालवतात. खर्च इथेच वाढत जातो.

दुसरा अडसर संगणकाचा. गाडीतील प्राणवायूमापक इंधनाचे प्रमाण सतत तपासून थोडीफार दुरुस्ती करतो. ई२० चे आठ टक्के ही दुरुस्ती पचवते. ४३ टक्के नाही. तेव्हा बिघाडाचा दिवा लागतो. शिवाय ठिणगीची वेळ केवळ प्राणवायूमापकावरून ठरवता येत नाही. टाकीत इथेनॉल किती आहे, हे संगणकाला ठाऊक असावे लागते. त्यासाठी इंधनाच्या नळीत एक छोटे यंत्र बसवतात. इंधनाची विद्युत धारणक्षमता मोजून ते स्पंदनांच्या रूपात निरोप पाठवते. प्रचलित रचनेत ५० स्पंदने म्हणजे शून्य टक्के आणि १५० म्हणजे शंभर टक्के इथेनॉल. त्यावरून संगणक दोन टोकांच्या नकाशांमधला योग्य बिंदू निवडतो. हे यंत्र न बसवता 'मी नेहमी ई८५ च भरीन' अशा भरवशावर एकच नकाशा टाकणे म्हणजे विस्तवाशी खेळ. एकदा तरी महामार्गावर साधे पेट्रोल भरण्याची वेळ येतेच, आणि मग इथेनॉलसाठी लवकर टाकलेली ठिणगी पेट्रोलला सोसत नाही. अमेरिकेतही ई८५ नावाने विकल्या जाणाऱ्या इंधनात प्रत्यक्ष इथेनॉल ऋतू आणि प्रदेशानुसार ५१ ते ८३ टक्के असू शकते. पाटीवरच्या आकड्यावर विसंबून ठिणगी ठरवता येत नाही, ती अशी.

तिसरा अडसर रबराचा आणि धातूचा. काही जुनी रबरे इथेनॉलमध्ये फुगतात, मग कडक होऊन चिरतात. फ्लोरिनयुक्त रबर किंवा टेफ्लॉनच्या नळ्या टिकतात. जस्ताचा मुलामा, काही अॅल्युमिनियमचे भाग आणि जुन्या पत्र्याच्या टाक्या यांना ओलसर इथेनॉल पोखरते. २००४ च्या सुमारास आलेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएससारख्या गाड्या, ज्या आज हौशी मंडळी जिवापाड जपतात, त्या घडवताना असे इंधन कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. त्यांच्या बाबतीत केवळ ई२० साठीसुद्धा नळ्या आणि सील तपासून घेणे शहाणपणाचे. आणखी एक गंमत अशी की, इथेनॉल उत्तम द्रावक आहे. वर्षानुवर्षे टाकीत साचलेला चिकट थर ते धुऊन काढते आणि तो सगळा गाळ पहिल्या काही टाक्यांतच फिल्टरमध्ये येऊन अडकतो. गाडी धक्के देऊ लागली म्हणून 'इंजिन गेले' असा निष्कर्ष काढण्याआधी फिल्टर पाहावा.

इंजिन ऑइलचीही काळजी घ्यावी लागते. थंड इंजिनात जास्त फवारलेले इथेनॉल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते. घाटकोपर स्थानक ते पंतनगर एवढ्याच छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ते उडून जाण्याइतके इंजिन तापतच नाही. अशा गाडीचे ऑइल लवकर बदलावे लागते.

मुंबईची हवा

थंड प्रदेशात इथेनॉलची मोठी अडचण म्हणजे सकाळी गाडी सुरू न होणे. पारा पंधरा अंशांखाली गेला की त्याची पुरेशी वाफ होत नाही. ब्राझीलमध्ये यासाठी गाडीत पेट्रोलची एक वेगळी छोटी टाकी असे. मुंबईला ही चिंता जवळजवळ नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेने नोंदवलेले आजवरचे नीचांकी तापमान ७.४ अंश, तेही २२ जानेवारी १९६२ चे!

मुंबईची अडचण वेगळी आहे. ती आहे ओलाव्याची. कमी इथेनॉलच्या मिश्रणात थोडे जरी जादा पाणी शिरले तरी इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाला जाते. टाकीच्या तळाशी असलेला पंप मग पाणी आणि इथेनॉलच ओढतो आणि गाडी जागीच बसते. गंमत म्हणजे ई८५ मध्ये पाणी सामावून घेण्याची क्षमता अधिक असल्याने अशी फाटाफूट तिथे क्वचितच होते. पण ते पाणी इंधनाबरोबर इंजिनात आणि धातूच्या भागांवर पोचतेच. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे झाकून ठेवलेली 'रविवारची गाडी' हीच या बाबतीत सर्वांत धोक्यात असते, रोज चालणारी नव्हे.

इंधनात इथेनॉल किती, हे पाहण्याची एक साधी चाचणी आहे. शंभर मिलिलिटरच्या मापाच्या काचनळीत दहा मिलिलिटर पाणी आणि नव्वद मिलिलिटर इंधन घालून हलवावे व स्थिर ठेवावे. इथेनॉल पाण्यात उतरते आणि तळाचा थर फुगतो. तो सुमारे २८ मिलिलिटर झाला, तर त्यातील १८ इथेनॉल, म्हणजे वीस टक्के. ही चाचणी मोकळ्या हवेत आणि विस्तवापासून दूर करावी, हे वेगळे सांगायला नको.

आगीविषयीही थोडे. इथेनॉलची ज्योत पेट्रोलपेक्षा फिकट असते, भर उन्हात ती चटकन दिसत नाही. ते पाण्यात मिसळते, त्यामुळे भरपूर पाण्याने विझते. मात्र पेट्रोलसाठी वापरला जाणारा नेहमीचा फेस त्यावर टिकत नाही, मद्यार्क सहन करणारा वेगळा फेस लागतो. घरगुती प्रयोग करणाऱ्यांच्या हे लक्षात नसते.

कायद्याची चौकट

आता सर्वांत नाजूक भाग. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सांगते की, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हीच भूमिका ठामपणे मांडली. इंधन बदलण्याच्या किटला याच कलमात वाट ठेवलेली आहे. पण ती मान्यताप्राप्त किट, ठरलेल्या अटी आणि नोंदणी प्राधिकाऱ्याकडील नोंद यांच्यामार्फतच. सी.एन.जी.ची किट बसवणारे हजारो मुंबईकर याच वाटेने गेले. 'एमएच-०३' क्रमांकाच्या घाटकोपरच्या गाडीला त्यासाठी वडाळ्याचे परिवहन कार्यालय गाठावे लागते. गॅरेजमध्ये इंजेक्टर बदलून, परदेशातून मागवलेला संगणक जोडून केलेला इथेनॉल-बदल मात्र या वाटेत बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघाताच्या वेळी दाव्याच्या आड येतो, तो वेगळाच.

'पंपावर मिळत नाही तर पिंपातून आणू' हा विचारही तितकाच घातक. इथेनॉल म्हणजे अखेर मद्यार्कच. महाराष्ट्रात त्याची वाहतूक, साठवण आणि विक्री यांवर राज्य उत्पादन शुल्क खात्याचे नियंत्रण आहे. औद्योगिक मद्यार्काचे नियमन करण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २३ ऑक्टोबर २०२४ रोजी मान्य केला. ही कडक नजर उगाच नाही. घाटकोपरला लागून असलेल्या विक्रोळीत डिसेंबर २००४ मध्ये विषारी दारूने ऐंशीहून अधिक बळी घेतले आणि जून २०१५ मध्ये मालवणीत शंभरहून अधिक माणसे गेली. त्या दोन्ही घटनांत मारेकरी होते मिथेनॉल, इथेनॉलचे दिसायला हुबेहूब भावंड. कोणत्या पिंपात काय आहे, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. गाडीलाही मिथेनॉल अधिक पोखरते, हा त्यातला किरकोळ भाग.

खिशाचा हिशेब

समजा, ही पोलो आज ई२० वर लिटरला बारा किलोमीटर जाते. ई८५ वर ती नऊच्या आसपास येईल. ४५ लिटरच्या टाकीत पूर्वी ५४० किलोमीटरचा पल्ला होता, तो ४०० च्या घरात येईल. घाटकोपरहून निघून कोल्हापूर जेमतेम गाठता येईल; परतीचे इंधन तिथेच, उसाच्या माहेरी, शोधावे लागेल.

पेट्रोल १०३ रुपये धरले, तर त्याच खर्चात गाडी चालवण्यासाठी ई८५ सुमारे ७७ रुपयांना मिळायला हवे. ब्राझीलचे चालक असाच ठोकताळा वापरतात: इथेनॉलचा दर पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांखाली असेल तरच ते भरायचे. आपल्याकडे तेल कंपन्यांना जुलै २०२५ अखेर इथेनॉल सरासरी ७१ रुपये ३२ पैसे लिटरने पडत होते, वाहतूक व जीएसटीसह. त्यात पंपाचे कमिशन आणि इतर कर मिळवल्यावर स्वस्ताईला जागा उरत नाही. ताकदीसाठी जादा पैसे मोजायची तयारी असलेला शर्यतवाला हा हिशेब कदाचित बाजूला ठेवील. रोज कचेरीला जाणारा ठेवू शकत नाही.

पुरवठ्याची खात्री हाही प्रश्न आहेच. २०२३ च्या अपुऱ्या पावसानंतर साखर कमी पडेल या भीतीने केंद्राने ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर बंदी घातली. पुढे ती मर्यादित कोट्यात सैल केली आणि २०२४-२५ च्या हंगामासाठी उठवली. कारखान्यांनी कर्ज काढून उभारलेल्या आसवन्या त्या काळात अडचणीत आल्या. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार साखरेपासून एक लिटर इथेनॉल मिळवण्यामागे सुमारे २,८६० लिटर पाणी जाते. सोलापूर, धाराशिव, लातूर या टंचाईच्या पट्ट्यात याचा अर्थ काय, हे तिथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. घाटकोपरच्या सिग्नलवर अर्धा सेकंद आधी सुटणाऱ्या गाडीमागे एवढे पाणी उभे आहे.

मग करावे काय?

पूर्ण बदलाची वाट आज बंद असली तरी मालकाच्या हाती काहीच नाही असे नाही. नीती आयोगाच्याच अहवालात म्हटले होते की, इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी रचलेल्या आणि ई१० साठी जुळवलेल्या चारचाकीचे इंधन ई२० वर सहा ते सात टक्के अधिक लागते. मूळ रचना ई१० ची आणि जुळवणी ई२० ची असेल तर ही घट एक ते दोन टक्क्यांवर येते. याचा अर्थ तोटा इंधनापेक्षा जुळवणीच्या अभावाने अधिक होतो. तेव्हा ई२० हेच आपले कायमचे इंधन मानून उत्पादकाच्या अधिकृत केंद्रात गाडीचा संगणक अद्ययावत होतो का, हे विचारणे ही पहिली पायरी. गाडीच्या माहितीपुस्तिकेत किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत कमाल इथेनॉलचे प्रमाण छापलेले असते, ते वाचणे त्याहून आधीची.

दहा-बारा वर्षांहून जुन्या गाडीत इंधनाच्या नळ्या, टाकीच्या पंपाचे सील आणि फिल्टर पावसाळ्यापूर्वी बदलून घेण्याचा खर्च मोठा नाही. कुर्ल्याच्या सुट्या भागांच्या बाजारात नळी घेताना मात्र ती इंधनाच्या कोणत्या मानकाची आहे, हे तिच्यावरील छाप्यावरून पाहावे; काळी दिसणारी प्रत्येक नळी सारखी नसते. महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी टाकी जवळजवळ भरून ठेवावी, म्हणजे वरच्या पोकळीत दमट हवा राहत नाही.

ज्यांना इथेनॉलची ताकद खरोखर अनुभवायची आहे, त्यांनी कारखान्यातून तशीच तयार होऊन येणाऱ्या वाहनांकडे लक्ष ठेवावे. ती नोंदणी प्रमाणपत्रावर इंधनाच्या रकान्यातच तशी नमूद असतात आणि वडाळ्याच्या खिडकीवर वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.